वाकताना दुखत नाही

मेनिंडी
३ मार्च

प्रिय मर्ल,

तुझा फळांचा केक पोचला. ॲव्हिसनं पहिलाच तुकडा रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी आम्हा दोघांना पलंगाबाहेर काढलं. यावरून केक कसा झाला होता ते ओळख.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. ॲडलेड शहरातल्या जुनाट दुखण्यांच्या खास दवाखान्यातून एकदाचं बोलावणं आलं. इतकी वाट पाहिली की मला वाटलं होतं, मला पुरल्यावरच माझा नंबर लागणार. एप्रिलच्या मध्यावर जायचंय. तुला नागीण झाली होती त्यानंतर तू तिकडे अशाच दवाखान्यात जायचीस ना? तिथे करतात काय? सुया टोचतात? पबमध्ये एकजण म्हणाला, मनाच्या डॉक्टरपुढे बसवतात आणि दुखणं तुझ्या डोक्यात आहे म्हणून सांगतात.

माझी कंबर तुला ठाऊक आहे. जन्मभर दुसऱ्यांची मेंढरं मांडीत धरून लोकर कातरली, त्याची आठवण ती रोज सकाळी करून देते. गंमत अशी की वाकताना दुखत नाही. वाकलेला असतो तोवर मी राजा. सरळ व्हायचं म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

पण मी कंबरेसाठी जात नाहीये. ॲव्हिस आता आपण होऊन उठत नाही. खुर्चीतून, पलंगावरून, संडासावरून मीच तिला उचलतो. एकदा उभी केली की चालते, गाते, माझी टोपी लपवते. डिसेंबरात म्हाताऱ्यांची पाहणी करणारी सरकारी बाई आली होती. चहा प्याली, गोड बोलली आणि निघताना म्हणाली, "मिस्टर ट्रँटर, ज्या दिवशी तुम्हाला यांना उचलणं जमणार नाही, त्या दिवशी आपल्याला बोलावं लागेल." काय बोलायचं ते न कळायला मी दूधखुळा नाही. ब्रोकन हिलच्या वृद्धाश्रमाबद्दल. इथे घरातच तिला कधी कधी दार सापडत नाही, तर तिथे तिचं काय होईल? ती आहे तोवर मला तिला उचलता यावं, बाकी काही मागणं नाही.

फोन करू नकोस. तुला ऐकू येत नाही आणि घंटा वाजली की ॲव्हिस रडते.

तुझा,
क्लेम


बर्नी, टास्मानिया
१४ मार्च

क्लेम बाळा,

सत्तरी ओलांडलीस तरी तू माझ्यासाठी बाळच, नाक मुरडू नकोस.

आधी हे डोक्यात घे की तिथे जादू नसते. मलाही वाटलं होतं, एक सुई टोचतील आणि मी नाचत घरी येईन. तिथला डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाला, "मिसेस क्रीडी, दुखणं पुसून टाकीन असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला पुन्हा बागेत नेईन." इतका राग आला मला, त्याच्या टेबलावरची पेनं फेकावीशी वाटली. पण नेलं खरं त्यानं बागेत. दुखतं अजून, पण माझे वाटाणे मीच लावते.

मनाचं बघणारी बाई असते, हो. तुला वेडा ठरवायला नसते ती. दुखणं कंबरेत असलं तरी ते घरभर फिरत असतं, म्हणून झोप कशी, घरात कोण, दिवस कसा जातो, सगळं खोदून विचारतात. व्यायामवाली वाकायला सांगेल, चालायला सांगेल. सैल कपडे घाल. दाढी कर, पण नवरदेव होऊन जाऊ नकोस.

जेवढ्या गोळ्या पोटात जातात तेवढ्या सगळ्या बाटल्यांसकट पिशवीत घालून ने. डॉक्टरच्या, दुकानातल्या आणि शेजाऱ्याच्या कपाटातून आलेल्यासुद्धा. मी तुला ओळखते. आणि त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त घेऊ नकोस. नाहीतर ते जो माणूस तपासतील तो तू नसशील.

शून्य ते दहामध्ये किती दुखतं असं विचारतील. आपल्या बाबांचा पाय मोडला होता तेव्हा ते "जरा अवघडलंय" म्हणाले होते, त्याच घरातले आपण. तू तीन म्हणशील. म्हणू नकोस. चांगला दिवस कसा असतो ते सांग आणि वाईट दिवशी तू भिंतीला धरून कसा उभा असतोस तेही सांग. कोणी बरोबर असतं तर बरं झालं असतं, कारण तिथे निम्मं ऐकलेलं दारातच विसरतं. पण शेजारच्या लॉयसला ॲव्हिसपाशी ठेवावं लागेल ना? मग काय काय बोलायचं ते लिहून ने.

ॲव्हिसला माझा मुका दे. आणि उशीखाली बघत जा.

मर्ल


मेनिंडी
२६ मार्च

प्रिय मर्ल,

घरात कोण असं विचारतात म्हणतेस, तिथेच माझं पाऊल अडतं.

समज, मी नऊ म्हटलं. बायकोला दिवसातून दहादा उचलतो म्हटलं. माझी गाडी परतीच्या वाटेला लागायच्या आत ते त्या सरकारी बाईच्या टेबलावर असेल. आता सगळ्यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात. मग ती येणार, चहा पिणार आणि ॲव्हिसची बॅग भरणार.

आणि सवय पण नाही गं. लोकरीच्या शेडमध्ये कंबर गेली असं कोणी तोंडातून काढायचं नाही. काढलं की दुसऱ्या दिवशी तुझ्या जागेवर दुसरा. जेवणाची घंटा झाली की आम्ही वाकलेलेच चालत जायचो, एकामागे एक, बदकांसारखे. पण समोर कंत्राटदार दिसला की सगळी रांग ताठ. "कसं काय, क्लेम?" "झकास." तो वळला की पुन्हा बदकं. मोठा माणूस समोर आला की माझी पाठ आपोआप सरळ होते, मर्ल. तिथला डॉक्टर म्हणजे कंत्राटदारच की.

तू त्यातून गेलेली आहेस. तू सांग, मी काय करू? तू म्हणशील तसं करतो.

क्लेम


बर्नी
४ एप्रिल

क्लेम,

तुझं पत्र दोन दिवस चहाच्या डब्याला टेकून ठेवलं होतं. येता जाता वाचत होते.

खरं सांगू का, कुठला कागद कुठून कुठे जातो ते मला माहीत नाही. मी गेले तेव्हा घरी मी आणि मांजर, मांजराला कोण उचलून नेणार? पण आमच्या गल्लीतल्या ईनिडला तिच्या पोरांनी आश्रमात ठेवलं आणि ती पुढच्या हिवाळ्यापर्यंतसुद्धा टिकली नाही. तेव्हा तुला भीती वाटते त्यात तुझं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही.

असं कर. ॲव्हिसचं सांगणं जिवावर येत असेल तर नको सांगूस. विचारलं तर म्हण, बायको आहे, बरी आहे. पण कंबरेबद्दल खोटं बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे.

मर्ल


मेनिंडी
२२ एप्रिल

प्रिय म्हातारे,

गड जिंकून आलो.

लॉयस दोन दिवस येऊन राहिली. ॲव्हिस तिला शाळेतल्या बाई समजली आणि दोन्ही दिवस हात वर करून परवानगी मागत होती. लॉयस म्हणते, तिचा नवरा गेल्यापासून इतका मान तिला कोणी दिला नव्हता.

मी लग्नातला कोट घातला. तू नको म्हणालीस, पण शहरात जायचं तर माणसानं माणसासारखं जावं. वाटेत यंटा गावाला चहा प्यालो आणि चार पावलं चाललो. गोळ्याही घेतल्या, नाहीतर तेवढा वेळ स्टिअरिंगमागे बसवलंच नसतं.

डॉक्टर म्हणजे अगदी पोरगी निघाली. डॉ. पास्को. हात मिळवला, खुर्ची दिली, घाई म्हणून नाही. मी काय काम करायचो ते विचारलं. मी सांगितलं, लोकर कातरायचो. म्हणाली, "बापरे, मग कंबरेचे हाल झाले असतील. पुढे वाकून दाखवता? जमेल तेवढंच."

जमेल तेवढंच म्हणे. मी दोन्ही तळहात जमिनीवर टेकवले. तिचं तोंड उघडंच राहिलं. म्हणाली, "तुमच्या वयाचे लोक गुडघ्यांपर्यंत पोचत नाहीत." मग मला चेव आला. तिथली एक गोल उशी मेंढी म्हणून मांडीत धरली आणि दाखवलं तिला, मुंडी इथे, डावा गुडघा इथे, आणि पाठीवरून एका दमात कातरीचा लांब हात. ती व्यायामवालीला बोलावून आणून म्हणाली, "हे बघ." दोघी हसल्या. चांगलं हसल्या गं, कुत्सित नाही. शेड सुटल्यापासून माझ्या अंगात काही आहे असं कोणाच्या डोळ्यांत दिसलं नव्हतं.

खाली होतोच, तर बुटाची नाडी बांधून घेतली आणि सावकाश उठलो.

आकडा विचारला. तुझी शपथ आठवली म्हणून तीन नाही म्हटलं, चार म्हटलं. घरी कोण? बायको. कशी आहे? मजेत, गाते. संपलं.

म्हणाली, हालचाल इतकी चांगली आहे तर गोळ्या हळूहळू कमी करू, त्या फार दिवस चालल्या की फायदा कमी आणि त्रास जास्त. इथल्या डॉक्टरला पत्र पाठवते म्हणाली. व्यायाम दिलेत. मध्ये काही बिनसलं तर फोन करा म्हणाली. घरी आलो तर ॲव्हिस दारात उभी, माझी टोपी तिच्या डोक्यावर. कोणी कुठे नेत नाही तिला आता.

तुझा,
क्लेम


बर्नी
२ मे

क्लेम,

तुझ्या बुटांना नाडी कधीपासून आली?

बाबांच्या अंत्यविधीपासून तू बाजूला रबराच्या पट्ट्या असलेलेच बूट घालतोस. मीच दर नाताळाला त्यांचं पॉलिश पाठवते. तू खाली अडकला होतास. त्या दोघी तिकडे कौतुक करत होत्या आणि तू फरशीकडे बघत उठायची हिंमत गोळा करत होतास. हो ना?

त्या डॉक्टरचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. तिनं समोर जो माणूस पाहिला त्याला औषध दिलं. पण तो माणूस तुझ्या घरी राहतच नाही. मला खरं लिही. पिशवी नेली होतीस का? रोज किती गोळ्या घेतोस? आणि तिला फोन कर, आजच. बिनसलं तर करा म्हणाली आहे ना ती? आपण चुकीचं बोललो एवढंच सांग, कोणी फाशी देत नाही.

रागावले नाहीये. घाबरले आहे.

मर्ल


बर्नी
११ जून

क्लेम,

मागच्या पत्राचं उत्तर नाही. मधे पाठवलेल्या बिस्किटांची पोचही नाही. शेवटी पुढच्या घरातल्या पोरीला फोनवर बसवून लॉयसशी बोलायला लावलं. लॉयस म्हणाली, "क्लेम ठीक आहे, हल्ली जरा गप्प असतो." गप्प असलास म्हणजे ठीक नाहीस हे लॉयसला कसं कळावं.

कोरा कागद पाकिटात घालून पाठव, पण पाठव.

मर्ल


मेनिंडी
६ जुलै

मर्ल,

ॲव्हिस ब्रोकन हिलला आहे. आता तुला सगळं लिहितो.

पिशवी नेली होती. पण ती गाडीच्या सीटखालीच राहिली. बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा मी जास्त घेत होतो आणि लॉयसच्या नवऱ्याच्या मागे राहिलेल्याही घेत होतो. क्लिनिकला बाटलीवरचाच आकडा सांगितला. मग इथला डॉक्टर त्या आकड्यावरून खाली उतरवायला लागला. मुळात आकडाच खोटा होता हे मला त्याच्यापुढे म्हणता येईना. लॉयसच्याही संपल्या. मे महिना कसा काढला ते विचारू नकोस. घाम, उलट्या, आणि कंबर अशी की कोणी आतून पिळतंय. फोन उचलायचो आणि वाटायचं, आता सांगितलं तर विचारतील, मग बायकोला कोण उचलतं? ठेवून द्यायचो.

जूनच्या मध्याला, ऐन हिवाळ्यात, एका सकाळी बाहेरचं दव गोठलं होतं. ॲव्हिस न्हाणीघरात खाली बसली. पडली नाही, नुसती बसली आणि उठेना. मी मागून वाकलो, तिच्या काखेत हात घातले, गुडघे तिच्या दोन्ही बाजूंना. वाकताना नेहमीप्रमाणे काही नाही. मग उचलायला गेलो आणि कंबरेत काहीतरी सुटलं. मी तिच्या शेजारीच फरशीवर. पाय हलेनात. हाक मारायला दम पुरेना.

ती आधी हसली. मग तिला थंडी वाजायला लागली. मी अंगातला स्वेटर काढायला बघत होतो, हात डोक्यावरून जाईना. ती मला विचारत होती, "तुम्ही कोणाकडचे? तुमच्या घरी कळवायचं का?" मी म्हटलं, "ॲव्हिस, मी क्लेम." ती म्हणाली, "नाही हो, क्लेम असता तर त्यानं मला उचललं असतं."

दुपारी लॉयस टपाल घेऊन आली तेव्हा ॲव्हिसचे ओठ निळे पडले होते. आम्हा दोघांना एकाच ॲम्ब्युलन्समधून नेलं. मी चौथ्या दिवशी काठी घेऊन बाहेर पडलो. तिला न्यूमोनिया झाला. त्यातून उठली, पण पाय गेले. आता उभी केली तरी राहत नाही. हॉस्पिटलातून तिला थेट आश्रमातच नेलं. सरकारी बाई आली होती. ती माझ्याशी वाईट वागली असती तर बरं वाटलं असतं.

क्लेम


बर्नी
१५ जुलै

क्लेम, माझ्या राजा,

ॲव्हिसचं सांगू नकोस असं मीच लिहिलं होतं. तू विचारलंस, तू म्हणशील तसं करतो म्हणालास, आणि मी तुला तसं लिहून पाठवलं. ते पत्र जाळून टाक म्हणणार नाही, जाळून काय होणार.

या नागिणीच्या दुखण्यानं मला बोटीत बसता येत नाही, विमानातही नाही, नाहीतर आत्ता तुझ्या स्वयंपाकघरात असते. एकच कर माझ्यासाठी. त्या डॉक्टरकडे परत जा. या वेळी पिशवी आत ने. आता लपवण्यासारखं आपल्याकडे काय उरलंय?

मर्ल


मेनिंडी
२९ सप्टेंबर

प्रिय मर्ल,

जाऊन आलो. लॉयस बरोबर होती, गाडी तिनंच चालवली. कोट नाही घातला. पिशवी डॉ. पास्कोच्या टेबलावर ओतली आणि सगळं सांगितलं. यंटाच्या गोळ्या, नाडी, चारचा आकडा, न्हाणीघर. माझं थांबलं तिथे लॉयसनं पुढे सांगितलं. डॉक्टरनं एकेका बाटलीवरचं लेबल वाचलं. मग म्हणाली, "मीही तुम्हाला वर येताना बघायला हवं होतं. मी खाली जातानाच बघितलं." भला जीव आहे.

मग तिनं शेजारच्या खोलीतून एका बाईला बोलावलं. त्यांच्याकडे घरची घडी बघायलाच एक बाई असते, मर्ल. तुझ्या वेळी नसेल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही एप्रिलमध्ये हे का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, सांगितलं असतं तर नेली असती तिला. तिनं आपली खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, सांभाळणाऱ्याची कंबर गेली तर घरी उचलायचं यंत्र देतात, पलंगाशेजारी उभं करायचं, हाताने दांडा फिरवला की माणूस वर. सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई येते. म्हाताऱ्यांना घरीच ठेवता यावं म्हणूनच ही सगळी खटपट. डिसेंबरात ती सरकारी बाई बोलावं लागेल म्हणाली होती ना, ते याबद्दल बोलायचं होतं. मेनिंडीतच रेल्वेच्या पलीकडे एकांकडे ते यंत्र आहे. मी त्यांच्या घरावरून रोज दूध आणायला जातो.

आता काही होत नाही. ॲव्हिसला दिवसरात्र दोन माणसं लागतात. मी विचारलं, दोनदा विचारलं.

तुला हे सगळं लिहू नये असं वाटलं होतं. पण न सांगून काय होतं ते आपण पाहिलं. आणि तू त्या पत्राचं मनाला लावून घेऊ नकोस. तू सांग म्हणाली असतीस तरी त्या खोलीत मी ताठच झालो असतो.

कंबर बरी आहे. हे लिहितानाही लाज वाटते. गोळ्या नीट, एका हिशोबानं उतरवल्या, व्यायामवाली दर आठवड्याला फोनवर असते, आणि मला आता कोणाला उचलायचं नसतं. परवा खुर्चीतून उठलो आणि मधेच लक्षात आलं की दुखलं नाही. परत बसलो. बराच वेळ उठलो नाही.

रविवारी ब्रोकन हिलला जातो. तिथे ती दाराजवळच्या खुर्चीत असते, कोट घालून, मांडीवर पर्स घेऊन. नर्सा म्हणतात, रोज सकाळी कोट मागते, दिला नाही तर जेवत नाही. तिला वाटतं मी कुठल्यातरी शेडवर कातरायला गेलोय. लग्नानंतर सगळी वर्षं असंच होतं ना, मी महिना महिना बाहेर आणि ती वाट बघत घरी. शेवटचं मेंढरू कातरून झालं की मी येणार आणि तिला घेऊन जाणार.

मला ती ओळखत नाही, पण माझ्याशी चांगलं बोलते. परवा मी निघालो तेव्हा तिनं माझी बाही धरली. म्हणाली, "तुम्ही त्या बाजूला जाताय का? क्लेम दिसला तर सांगाल, मी तयार आहे म्हणून?"

मी म्हटलं, सांगतो.

क्लेम